माझी उपासमार लेकाला बाधली का?

पत्र थोडक्यात असं : बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. जन्म १९७३ चा. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. घर माळकरी. धाकटा मुलगा २७ वर्षांचा, अंगाने काटक, वजन ५२ किलो. गावातल्या तपासणी शिबिरात त्याला ‘शुगर’ निघाली. तालुक्याला पुन्हा रक्त तपासलं, तिथेही तेच. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सहज विचारलं, “हा पोटात असताना आईचं खाणंपिणं कसं होतं?” मुलगा हसून “मले काय माहीत” म्हणाला. मागे उभ्या असलेल्या ताईंना मात्र सगळं आठवलं. ते साल नापिकीचं होतं. नववा लागेपर्यंत त्या दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जात होत्या. सासू म्हणायची, “लय खाशीन त लेकरू मोठं होईन, मंग अडशीन.” बाळ जन्मलं ते “मांजराच्या पिल्लाएवढं”. आता त्याच मुलाची बायको पाचव्या महिन्यात आहे. ताई तिला आग्रहाने वाढतात. तिची आई फोनवरून तेच जुनं ‘कमी खा’ सांगते. सून मधल्या मधे गप्प. ताईंचे प्रश्न तीन : हा आजार मीच लेकाला दिला का? त्याला हे सांगू का? आणि सुनेचं काय करू?

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यात ‘मी’ फार वेळा आला आहे. मी खाल्लं नाही, मी वेचणीला गेले, मी सासूपुढे बोलले नाही. मजुरी किलोवर मिळायची, पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागायचं, रात्री सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात एखादी भाकर उरायची, हेही तुम्ही लिहिलं आहे, पण जाता जाता. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं ते या जाता जाता लिहिलेल्या वाक्यांसाठी.

आधी डॉक्टरांच्या प्रश्नाचं बोलू, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती त्या वह्या लागल्या. त्यांनी ती बाळं पुढे कशाने गेली हे शोधलं आणि १९८९ मध्ये मांडलं : जन्मताना आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन किलो. पण नवल पुढेच आहे. आपली बाळं बारीक होती ती मांसाने, चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून हाडकुळं, आतून चरबी धरून ठेवणारं शरीर. ‘बारीक माणसाला कुठली शुगर’ हे आपल्याकडे कुणीही सांगतं. तुमच्या ५२ किलोच्या लेकाला ती कशी निघाली, याचा एक धागा इथे आहे.

हे होतं कसं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. नापिकीच्या साली आपण घर कसं चालवतो? छपराचं काम पुढे ढकलतो, सणाचे कपडे रद्द करतो, पण बियाण्याला हात लावत नाही. पोटातलं बाळ तेच करतं. जे येतं त्यातून मेंदू वाचवतं, तेवढं त्याचं बियाणं. काटकसर होते ती स्नायूंत, मूत्रपिंडाच्या गाळण्यांत आणि साखर आवरणारं इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशींत. मूत्रपिंडाच्या गाळण्या तर जन्माआधीच मोजून होतात, नंतर नवी एकही बनत नाही. शिवाय शरीर ‘बाहेर दुष्काळ आहे’ असं गृहीत धरून जन्माला येतं. पुढे त्याला गोड चहा, बिस्किटं, रेशनचा तांदूळ आणि दिवसभराची बैठक मिळाली की तो हिशेब चुकतो.

म्हणून ‘संबंध आहे का’ याचं उत्तर ‘असू शकतो’ हे आहे. पण ‘मीच दिला का’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यात मला खोट दिसते.

१९४४ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जर्मन सैन्याने पश्चिम भागातल्या शहरांकडे जाणारं धान्य अडवलं. त्यात कालवे गोठले. माणशी दिवसाचं अन्न ४०० ते ८०० उष्मांकांवर आलं, म्हणजे आपल्या दोन-तीन भाकरी. मे १९४५ मध्ये सुटका झाली. त्या महिन्यांत जी बाळं पोटात होती, त्यांना पन्नाशीत तपासलं. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांच्या शरीराला साखर नीट आवरत नव्हती. पहिल्या महिन्यांत झालेल्यांत हृदयविकार जास्त होता, आणि या दुसऱ्यांचं जन्माचं वजन तर साधारण नेहमीसारखंच होतं! म्हणजे ‘मांजराच्या पिल्लाएवढं’ दिसणं हीसुद्धा एकमेव खूण नाही. मला यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या अभ्यासांत अ‍ॅमस्टरडॅमच्या आयांना कुणी दोषी धरलं नाही. दोष धान्य अडवणाऱ्यांचा, हे सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं. तुमच्या घराला सैन्याचा वेढा नव्हता म्हणून दोष तुमच्यावर यायचा, हे कुठलं गणित?

आता जरा मागे जाऊ. तुमचा जन्म १९७३ चा. म्हणजे बहात्तरचा दुष्काळ चालू असताना तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होता. लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ), रोजगार हमीची खडी, हे शब्द तुम्ही घरात ऐकले असतील. मुलीच्या अंडाशयातली बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. ज्या बीजातून तुमचा लेक झाला, ते बीज त्या दुष्काळात, तुमच्या आईच्या पोटात, तुमच्या आत तयार झालं. मग दोष तिचा म्हणायचा? की तिला उरलंसुरलं वाढणाऱ्या तिच्या सासूचा? ही साखळी धरून मागे जात राहिलात तर शेवटी एकही बाई सापडणार नाही, सापडेल ती पावसाची, मजुरीची आणि ताटांच्या क्रमाची गोष्ट.

ताटांच्या क्रमाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, सवय आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरात आधी पुरुष, मग पोरं, मग म्हाताऱ्या आणि शेवटी आई. आई जेवताना मी कधी पाहिलीच नाही, ती कढई पुसताना मात्र रोज पाहिली. तिला ‘तू जेवलीस का’ विचारण्याची रीत नव्हती, कारण घरातलं संपलं असेल तर उत्तर काय देणार? तुमच्या सासूबाईंचं वाक्यही याच रितीतून आलं असणार. बाळंतपणात अडून बायका मेलेल्या तिने पाहिल्या होत्या, दवाखाना लांब होता. तिची भीती खरी होती, उपाय चुकीचा होता. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपं होत नाही. आईचं रक्त कमी राहतं, रक्तस्राव झाला तर ती टिकाव धरत नाही, आणि अडायचं असेल तर लहान बाळही अडतं.

मुलाला सांगू का, असं विचारलंत. सांगा, पण माफी मागू नका. हे दोन वेगळे प्रकार आहेत. तुम्ही रडत “मीच तुझं वाटोळं केलं” म्हणालात, तर त्याने आधी तुम्हाला समजवायचं, मग स्वतःची शुगर सांभाळायची. इतकं दुहेरी ओझं २७ व्या वर्षी कशाला? त्याऐवजी त्याला त्या सालाची गोष्ट सांगा. किती पाऊस झाला, किती किलो वेचलं, घरात काय शिजायचं, तो किती लहान होता. डॉक्टरांनाही हेच हवं आहे. तरुण, बारीक माणसाला निघालेला मधुमेह नेमका कोणत्या प्रकारचा, हे ठरवताना ही माहिती कामाची असते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप ५’ अशी वेगळी ओळख दिली. तुमच्या लेकाचा तोच आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पत्रावरून ते कुणालाही सांगता येणार नाही. पण ‘माझा प्रकार कोणता?’ हे त्याने तोंड उघडून विचारावं. वजन झपाट्याने घटत असेल, तहान आणि लघवी फार वाढली असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आणि इन्सुलिन लिहून दिलं असेल तर कुणाच्या काढ्यावर विसंबून ते बंद करू नये. हे वाक्य मी दर दोन महिन्यांनी कुणाला ना कुणाला लिहिते.

त्याचं पथ्य म्हणजे उपाशी राहणं नव्हे, हेही त्याला सांगा. त्याच्या अंगावर मांस मुळात कमी आहे. भाताचा ढीग कमी करून वरण घट्ट करणं, मूग-मटकी, दही, फुटाणे, शेंगदाणे वाढवणं आणि अंगमेहनतीचं काम चालू ठेवणं, हे त्याच्यासाठी ‘शुगर आहे ना, मग एकच भाकर खा’ यापेक्षा चांगलं. चहातली साखर जावी. तंबाखू असेल तर तोही. माळकरी घरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असण्याची शक्यता मोठी, कारण ते मिळतं दूध-दही, अंडी आणि मांस-मासळीतून, पालेभाजीतून नाही. त्यात मधुमेहाची नेहमीची मेटफॉर्मिन गोळी ते आणखी कमी करते. पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासून घ्यायला सांगा.

आता सून. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

स्वतःच्या पोटातली तेव्हाची भूक तुम्ही आता तिच्या ताटात भरताय. “दोन जिवांचं खा” हा आग्रह प्रेमाचाच, पण शरीराचा हिशेब इतका मोठा नाही. चौथ्या महिन्यापासून पुढे नेहमीच्या जेवणावर सुमारे ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक मध्यम भाकर आणि वाटीभर घट्ट वरण, एवढंच. तूप-साखरेचे लाडू दिवसाला चार लागत नाहीत. त्यातून तिचं वजन भराभर वाढलं आणि गरोदरपणातली साखर चढली, तर तुमच्या विहीणबाई म्हणतात तसं बाळ खरंच मोठं होईल. बाळ फार मोठं होण्यामागे नेहमीचं कारण आईची चढलेली साखर असतं, भाकर नव्हे. आणि अशा बाळालाही पुढे मधुमेहाचा धोका असतोच. उपासमार आणि अती वाढणं, दोन्ही वाटा त्याच गावाला जातात.

प्रमाणापेक्षा ताटात काय आहे याला जास्त वजन आहे. पुण्याच्या त्या सहा खेड्यांत एक गोष्ट दिसली : आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा ती पालेभाज्या, फळं आणि दूध-दही किती वेळा खात होती, याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध होता. मेथी, अंबाडी, चवळी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, बांधावरची घोळ. पेरू, बोरं, आवळा, संत्रं. वाटीभर दही. यातलं किती तुमच्या शेतात किंवा परसात येतं, ते पहा. (सोयाबीन आलं तेव्हा पैसा आला हे खरं, पण शेतातून मूग, उडीद आणि ज्वारी गेली ती ताटातूनही गेली. आपण तूर पिकवतो, विकतो आणि घरात पातळ वरण करतो. माझा हा राग जुना आहे, सोडून द्या.) अंडं तुमच्या घरात शिजत नसेल तर मी आग्रह धरणार नाही. मग दूध-दही रोजचं हवं, आणि बी-१२ बद्दल डॉक्टरांना सुनेसाठीही विचारा. त्याच पुण्याच्या अभ्यासात दिसलं की आईत फोलेट (फोलिकच्या गोळीतलं जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी असेल, तर सहाव्या वर्षी मुलांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नव्हतं. म्हणून लोह-फोलिकच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला बी-१२ ची उणीव भरायची. एकादशी आणि गुरुवारचे उपास मात्र नऊ महिने तुम्ही धरा तिच्या वाट्याचे. पांडुरंग हिशेब ठेवणार नाही.

गोळ्यांचं एक सांगते, कारण अर्ध्या घरांत त्या फळीवर पडून असतात. लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. जेवणानंतर थोड्या वेळाने, लिंबूपाण्यासोबत किंवा आवळ्याची फोड खाऊन. चहासोबत नको. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीसोबत नाही, मधे दोन तास जाऊ द्या. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून मुली गोळी सोडतात आणि सांगत नाहीत. विचारायचं ते न रागावता.

आणि काम. तिच्या पाचव्या महिन्यात तुमची वेचणी आली असेल. पुण्याच्याच अभ्यासात शेतीची आणि पाणी वाहण्याची जड कामं जास्त करणाऱ्या आयांची बाळं लहान निघाली. म्हणजे ताटात भर घालून डोक्यावरचा हंडा तसाच ठेवला तर उपयोग अर्धा. हंडा लेकाने उचलावा. त्याच्या शुगरलाही व्यायाम हवाच आहे, गंमत म्हणून नाही सांगत.

अंगणवाडीतून गरोदर बाईसाठी मिळणारा शिधा घरी आला की सगळ्या घराचा होतो, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही. तो वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्याची राखण तुम्ही करा. पहिल्याच बाळंतपणाची असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्यांनी तिच्या खात्यावर येतात. आशाताईंकडून अर्ज झाला का ते पहा, आणि तो पैसा खतात जाऊ देऊ नका. मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागातल्या वाचक बहिणींना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते तिथेच बसून जेवा. डबा घरी नेला की तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

सुनेच्या आईचा फोन येतो, त्यावर वाद घालू नका. सून दोघींचं ऐकून शेवटी काहीच खाणार नाही. विहीणबाईंना एकदा तपासणीच्या दिवशी बोलावून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तिथे होतं. साखरेची तपासणी विचारून करून घ्या : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, आकडा १४० किंवा वर आला तर उपचार लागतो. एकदा झाली असेल तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची, आणि तिची तीच वेळ येत आहे. विदर्भात राहतो म्हणून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही दोघा नवराबायकोची झालेली असावी. ‘कमी खा’ हे डॉक्टरांनी खोडून काढलं तर विहीणबाईंचा मान राहतो. तुम्ही खोडलंत तर भांडण होतं.

एक गोष्ट आजीसाठी, पुढच्या वर्षासाठी. बाळ लहान जन्मलं तर ते ‘गुबगुबीत’ करण्याची घाई करू नका. दिल्लीत जन्मापासून तिशीपर्यंत पाहिलेल्या मुलांच्या अभ्यासात, २००४ मध्ये, असं समोर आलं की ज्यांना पुढे मधुमेहाने किंवा त्याच्या आधीच्या पायरीने गाठलं, ती मुलं दोन वर्षांची असताना बारीक होती आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचं वजन उंचीच्या मानाने वाढत गेलं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग घरचं वरण-भाकर-भाजी, आणि दोन वर्षांपर्यंत नीट भरण. नंतर मात्र किराणा दुकानातली पाच-पाच रुपयांची पाकिटं लाडाने हातात ठेवायची नाहीत. हे सगळ्यात अवघड, मला माहीत आहे. मी स्वतः आजी आहे.

९ तारखेला सुनेसोबत जाल तेव्हा तुमचंही बोट टोचून घ्या आणि रक्तदाब मोजा. बहात्तरच्या दुष्काळात पोटात असलेल्या, आयुष्यभर शेवटी जेवलेल्या बाईची साखर आजवर कुणी पाहिलीच नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. “घरात आधी कुणाला नाही” असं लिहिलंत, पण कुणाची तपासली होती? आकडा काय येतो ते मला कळवा. आणि त्या दिवशी घरी आल्यावर जेवायला सुनेसोबत बसा, तिच्या आधी नको आणि नंतरही नको.